जुना सीएनसी राऊटर आणि नवा संगणक

कुपवाड एमआयडीसीत तुम्ही घेतलेला जुना सीएनसी राऊटर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड वगैरे कापणारे यंत्र) नव्या संगणकावर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. चालू शकेल, धीर सोडू नका. मात्र माक-३ (Mach3, हे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) चा पॅरलल पोर्टचा (जुन्या संगणकांवरच्या प्रिंटरच्या रुंद सॉकेटचा) ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही, हे आधी लक्षात घ्या. अशा वेळी नवशिके हमखास यूएसबीला पॅरलल पोर्ट जोडून देणारी प्रिंटर-केबल आणतात. तिने छपाई होते, परंतु यंत्राचे अक्ष टप्प्याटप्प्याने फिरवणाऱ्या स्टेपर मोटरला लागणारे अचूक वेळेचे पल्स मिळत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुन्या संगणकाला हात लावण्यापूर्वी माक-३ च्या ज्या एक्सएमएल फाइलमध्ये पिनांची जोडणी आणि प्रत्येक अक्षाचे स्टेप्स पर युनिट (ठरावीक अंतर सरकायला मोटरला लागणारे टप्पे) साठवलेले असतात ती, लायसन्स फाइलसह, पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

तूर्त पॅरलल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप ३२-बिट विंडोज ७ वर, इंटरनेटविना चालवा, कारण विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले. नव्या संगणकासाठी लागणाऱ्या मोशन कंट्रोलरचे (पल्स स्वतः तयार करणाऱ्या वेगळ्या उपकरणाचे) नंतर पाहू. पहिली चाचणी टूल (कापणारे पाते) काढून, इमर्जन्सी स्टॉपजवळ उभे राहूनच घ्या.