कंपोझिट खिडकी खरंच ५० वर्षं टिकते का?

प्रश्न : नमस्कार, आम्ही पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, हॉलची ५ फुटी खिडकी पश्चिमेला आहे. पंचवटीतल्या जुन्या घरी सागवानी खिडक्या होत्या, पावसाळ्यात फुगून लागायच्याच नाहीत, म्हणून लाकूड नको असं ठरलंय. फॅब्रिकेटर कंपोझिट घ्या म्हणतोय, ५० वर्षं बघायला नको म्हणे. खरं आहे का? – एक गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, आधी त्याला विचारा की कंपोझिट म्हणजे नेमकं काय देणार, कारण या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, याला वाळवी लागत नाही, बाथरूमच्या चौकटीला छान, पण पश्चिमेच्या उन्हात रंग उडतो आणि कापलेली कड उघडी ठेवली तर तिथून पाणी शोषतं. दुसरी फायबरग्लासची, काचेचे धागे आणि रेझिन, ती महाग असते पण उन्हात काचेइतकीच प्रसरण पावते आणि हा गुण फार मोठा आहे. आपल्याकडे जानेवारीत पहाटे तापमान १० अंशांच्या खाली जातं आणि मे महिन्यात उन्हातली चौकट हात लावू देत नाही, एवढ्या फरकात यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, ५ फुटी पट्टी साधारण ४ मिमी वाढते, काच जेमतेम अर्धा मिमी. ही ओढाताण वर्षानुवर्षं रबर आणि सिलिकॉनवर येते.

म्हणून माझं ठाम मत आहे की चौकटीचं वय विचारून उपयोग नाही. चांगली चौकट २५-३० वर्षं सहज जाते, पण रोलर, रबर, सिलिकॉन त्याच्या खूप आधी संपतात, आणि डबल काच घेतली तर तिचं सील बहुतेक १५-२० वर्षांत जातं, मग दोन काचांच्या मधे धुकं दिसायला लागतं जे कितीही पुसलं तरी जात नाही, अख्खी काचच बदलावी लागते. त्यामुळे गॅरंटी चौकट, काच आणि हार्डवेअरची वेगवेगळी आणि बिलावर लिहून घ्या, तोंडी ५० वर्षांवर एक रुपया अॅडव्हान्स देऊ नका.

अजून एक, माझ्या घरी गेल्या जूनमधे पहिल्याच जोराच्या पावसात खिडकीतून पाणी आत आलं, मला वाटलं चौकटच गेली. खाली वाकून बघितलं तर ट्रॅकमधली पाणी बाहेर जायची बारीक भोकं मातीने गच्च बुजलेली, खराट्याची काडी घातली तर काळा चिखल निघाला आणि ट्रॅकमधलं पाणी भस्सकन बाहेर गेलं. तेवढं दरवर्षी मे अखेरीस करा, आणि बसवताना खालच्या ग्रॅनाईटला बाहेरच्या बाजूला ढाळ आहे ना ते स्वतः उभं राहून पाणी ओतून बघा, मिस्त्री असेपर्यंतच.