फेड कसली करतोस?

बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज वाचला. फोनवर उत्तर टाइप करत बसले असते तर चष्मा आणि धीर दोन्ही संपले असते, म्हणून कागद घेतला.

नोकरी लागू दे, मग दर रविवारी चर्चमध्ये मुलांचं संडे स्कूल घेईन आणि शनिवारी इंदूरच्या एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात पेशंटना भेटायला जाईन, असं तू प्रार्थनेत बोलला होतास. नोकरी लागली, तूही शब्द पाळलास. आता शिफ्ट बदलली, लागोपाठ खाडे झाले, आणि देव दिलेलं परत घेईल अशी धास्ती तुला बसली आहे. अरे, हा तर नवस झाला! बोलायचा आणि फेडायचा, हे आपल्या मराठी घरांत इतकं मुरलंय की पिढ्यान् पिढ्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊनही जात नाही. तुला दोष देत नाही. बायबलमधल्या याकोबानंही तेच केलं होतं.

उत्पत्तीचा 28वा अध्याय काढ. भावाच्या, एसावाच्या, भीतीनं घरातून पळालेला याकोब बेथेलला दगड उशाला घेऊन झोपतो आणि सकाळी देवाशी बोली करतो: सांभाळलंस, खायला भाकर आणि ल्यायला वस्त्र दिलंस, सुखरूप घरी आणलंस, तर तू माझा देव आणि तू देशील त्याचा दशमांश तुला. गंमत बघ, सांभाळायचं आणि परत आणायचं वचन देवानं आदल्या रात्रीच दिलं होतं, एकही अट न घालता. घासाघीस चालली होती ती एकट्या याकोबाची. मग लाबान मामाकडे 20 वर्षं राबून तो परत निघतो, आणि 32व्या अध्यायात त्याची प्रार्थना पार बदललेली दिसते. तू केलेल्या दयेला मी पात्र नाही, म्हणतो. हातात नुसती काठी घेऊन ही यार्देन नदी ओलांडली होती, आता माझे दोन तांडे झालेत. आपण काय काय फेडलं, याचं तिथे अवाक्षर नाही. एसावाची भीती मात्र तेव्हाही आहे, आणि तीही तो लपवत नाही. मला हा याकोब फार आवडतो.

तू अजून बेथेललाच आहेस, एवढंच. कृपा म्हणजे काही होम लोन नव्हे, की हप्ता चुकला आणि बँकेचा माणूस दारात.

पण म्हणून ढिलाई चालते, असं समजू नकोस. इफिसकरांस पत्रातलं 2:8 आणि 2:9 आपल्याकडे पोरासोरांना पाठ असतं: कृपेनं तारण, कर्मांनी नव्हे, कोणी बढाई मारू नये. दहाव्या वचनाच्या आधीच सगळे थांबतात. तिथे ते पत्र लिहिणारा पौल म्हणतो की आपण सत्कृत्यांसाठीच घडवलेले आहोत आणि ती देवानं आधीच योजून ठेवली आहेत. सेवा मागून येते, पण आल्यावाचून राहत नाही. येशूच्या शिष्याच्या, पेत्राच्या, सासूचं बघ, मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात. येशूनं ताप उतरवला, उठली आणि पाहुण्यांचं करायला लागली. आता मी प्रभूसाठी काय करू, म्हणून ती विचार करत बसली नाही. घरात माणसं आली होती, त्यांचं बघितलं.

विश्वासूपणा शिकायचा असेल तर प्रवचनं ऐकत बसण्यापेक्षा आपल्या मंडळीतल्या त्या आजींना बघ, ज्या प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे पेले धुतात. उपासना संपते, लोक आवारात चहा-पोह्यांवर जमतात, आणि या मागच्या खोलीत. आधी गार पाणी, मग कोमट. एकेक पेला खिडकीकडे धरून ओठांचा डाग राहिला का बघायचा, मग जुन्या मलमलीनं पुसायचा. मदतीला गेले तेव्हा ओरडा खाल्ला, 'सोडा जास्त टाकू नको, काचेवर पांढरा थर बसतो!' वार्षिक अहवालात त्यांचं नाव मी कधी वाचलेलं नाही. त्यांनाही त्याचं काही पडलेलं दिसत नाही.

वॉर्डाचं सांगते, माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. पेशंटच्या नातेवाइकाला उपदेश नको असतो. झाबुआ-धारकडून आलेल्या बाईला पर्ची कुठे बनते, ब्लड बँक कुठल्या बाजूला, रात्री गरम पाणी कुठे मिळतं, हे सांगणारं माणूस हवं असतं. ते कर. आणि फळांच्या पिशवीत धर्माचं पत्रक घालू नकोस. आपल्या मध्य प्रदेशात 2021 चा धर्म स्वातंत्र्य कायदा आहे, प्रलोभन दाखवून धर्मांतर हा त्यात गुन्हा आहे, ते ध्यानात ठेवच. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आपल्याला अट न घालता मिळालं, तर आपण अट घालून कसं द्यायचं? कोणी आपणहून विचारलं, तू हे का करतोस, तर मोकळेपणानं प्रभूचं नाव घे.

एकोणिसाव्या शतकात, 1880 नंतरच्या त्या वर्षांत, एलिझाबेथ बिट्टी आणि मॅरियन ऑलिव्हर या दोन डॉक्टर कॅनडाहून इंदुरात आल्या, इथल्या बायकांना औषधपाणी करायला. आपण छावणीतल्या ख्रिश्चन कॉलेजच्या स्थापनेचं 1887 हे साल कौतुकानं सांगतो, या दोघींची आठवण क्वचितच काढतो.

आता कामाचं. या आठवड्यात पाळकसाहेबांना भेट आणि महिन्यातले दोनच रविवार ठेवून घे. बाकीचे त्या बी.एड. करणाऱ्या मुलीला दे. ती कधीची मागतेय, आणि खरं सांगू, गोष्ट तुझ्यापेक्षा छान सांगते. शनिवारचं एमवाय सध्या बंद.

तुझ्या बाबांना डायलिसिसला आई एकटी रिक्षातून नेते, हे मला बाहेरून कळलं. तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा तू मोकळा असतोस ना? थोडी झोप काढून मग तू ने त्यांना, आईला घरी पडू दे. बरोबर ब्लँकेट घे. मशीनवर असताना पेशंटला थंडी भरते आणि तिथला एसी कोणी कमी करत नाही.

तुझी,
मावशी