मलपृष्ठाच्या फोटोतून बारकोड वाचताना

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांची नोंद संगणकावर घेण्याचे काम सुरू आहे. स्कॅनर नसल्यामुळे कार्यकर्ते चार-चार पुस्तके टेबलावर पालथी मांडून मोबाईलने एकच फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवतात. संगणकावर तो 1200 बाय 1600 पिक्सेलचा येतो आणि प्रोग्रॅम त्यातला एखादाच बारकोड वाचतो. प्रोग्रॅम बदलावा का?
– एक ग्रंथपाल, ता. चोपडा, जि. जळगाव

उत्तर : प्रोग्रॅम बदलण्याआधी फोटो काढण्याची रीत बदलून पाहावी. पुस्तकावरील ईएएन-13 बारकोडची (म्हणजे तेरा अंकी क्रमांक रेषांत मांडणाऱ्या बारकोडची) रुंदी 95 समान भागांत विभागलेली असते आणि मूळ आकारात छापलेला असल्यास त्यातील एक भाग जेमतेम 0.33 मिलिमीटरचा असतो. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पुस्तकांची मिळून 28 सेंटिमीटर रुंदी 1200 पिक्सेलमध्ये बसवली, तर अशा एका भागाच्या वाट्याला दीड पिक्सेलसुद्धा येत नाही. काळ्या-पांढऱ्या रेषा एकमेकींत मिसळून राखाडी होतात, आणि असा फोटो मागाहून कितीही मोठा केला तरी त्या पुन्हा सुट्या होत नाहीत. खात्रीने वाचन व्हायचे तर प्रत्येक भागाला किमान दोन-तीन पिक्सेल मिळाले पाहिजेत. म्हणून एका फोटोत एकच पुस्तक घ्यावे आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे त्याचा आकार घटत नाही.

दुसरे कारण बहुतेक वाचनालयांत हमखास आढळते. दाखल क्रमांकाची (वाचनालयाने पुस्तकाला दिलेल्या नोंद क्रमांकाची) चिठ्ठी पुष्कळदा बारकोडला अगदी खेटून चिकटवलेली असते. डावीकडे 11 आणि उजवीकडे 7 भागांइतकी कोरी जागा नसेल, तर बारकोड कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हेच प्रोग्रॅमला उमगत नाही. डावीकडची ही जागा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास भरते, तेवढी चिठ्ठी सरकवली तरी पुरते. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेले पुस्तक उजेडाच्या दिशेने किंचित कलते धरावे, म्हणजे चमक रेषांवरून बाजूला सरकते.

एवढे करूनही काही क्रमांक हाताने भरावे लागतील, आणि तेथे विशेष काळजी घ्यावी. बारकोडच्या तेरा अंकांना डावीकडून क्रमाने 1 आणि 3 यांनी आळीपाळीने गुणून आलेल्या बेरजेला 10 ने निःशेष भाग गेला पाहिजे. एक अंक चुकला तर ही तपासणी चूक नेमकी पकडते; मात्र शेजारच्या 2 आणि 7 यांची किंवा 1 आणि 6 यांची अदलाबदल झाली, म्हणजेच ज्यांच्यात 5 चा फरक आहे असे अंक उलटसुलट पडले, तर ती तपासणीतून निसटते. त्यामुळे हाताने भरलेला क्रमांक दुसऱ्या व्यक्तीने पुस्तकावरून मोठ्याने वाचून ताडून घ्यावा.

2007 पूर्वीच्या पुस्तकांवर दहा अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असतो. त्याचा शेवटचा अंक वगळून आरंभी 978 जोडावे आणि वरील रीतीने तेरावा अंक नव्याने काढावा. ज्या पुस्तकांवर कोणताच क्रमांक नाही, त्यांच्यासाठी आपला दाखल क्रमांकच कोड 128 या, अंक व अक्षरे दोन्ही मावणाऱ्या पद्धतीच्या बारकोडमध्ये छापून लावावा.