सैपाक शिकायला अकरावी कशाला?

दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरील माझ्या समुपदेशन कक्षात दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार कुटुंब आले होते. मुलाला विज्ञान शाखेत ‘अन्नशास्त्र व तंत्रज्ञान’ हा विषय घ्यायचा होता आणि वडिलांचा त्याला ठाम विरोध होता. “मॅडम, पोराला सैपाक शिकवायला मी अकरावीला घालू का?” हे त्यांचे पहिले वाक्य. आईचा विरोध नव्हता, पण तिची समजूत वेगळीच होती. सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे मुलगा पुढे रुग्णांना पथ्य सांगणारा आहारतज्ज्ञ होईल, असे तिने मनात धरले होते.

ही चिंता माझ्याकडे दरवर्षी येते. मुलगी असेल तर ‘घरात शिकतेच की’ असे म्हटले जाते आणि मुलगा असेल तर लोक हसतील याची धास्ती असते. सुरुवातीला मी नेहमीच्या सवयीने नोकरीच्या संधी सांगू लागले. शासकीय अन्न सुरक्षा अधिकारी या पदासाठी अन्नतंत्रज्ञानाची पदवी ग्राह्य धरली जाते, हे ऐकून वडील क्षणभर सावरून बसले खरे. पण मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. माझे चुकते आहे हे माझ्या तेव्हाच लक्षात आले, कारण त्याला हा विषय का हवा आहे, हे मी त्याला विचारलेच नव्हते.

विचारल्यावर तो बेदाण्याबद्दल बोलू लागला. निर्यातीतून उरलेल्या द्राक्षांचा बेदाणा त्यांच्याकडे दरवर्षी होतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवल्यावर माल रॅकवर साधारण पंधरवड्यात वाळतो आणि न बुडवता ठेवला तर कितीतरी अधिक दिवस घेतो, हे त्याने पाहिले होते. परंतु असे का होते, याचे उत्तर त्याला कोणी दिले नव्हते. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो या द्रावणाने विस्कळीत होतो आणि आतले पाणी बाहेर पडायला वाट मिळते, एवढे मी सांगितले. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न तयार होता: मग पाणी किती उरले म्हणजे बुरशी येत नाही?

वडिलांना मी म्हटले, “दादा, हा विषय याच प्रश्नाचा आहे.” लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ साली सुरू झाले, तेथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब रोखता येतात, हे त्यांना ऐकून ठाऊक होते. तेही अन्नतंत्रज्ञानच, हे मात्र त्यांना नवीन होते.

आईची समजूत दूर करणे अधिक नाजूक होते. पोषणशास्त्र अन्न शरीरात गेल्यावर काय करते ते पाहते. तंत्रज्ञानाचा भर ते ताटात येण्यापूर्वी कसे टिकवावे, कसे प्रक्रिया करावे यावर असतो. शालेय विषयात दोन्हींची ओळख होते, पण पुढे वाटा फुटतात. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्यासाठी पदवीनंतरही शिक्षण, रुग्णालयातील प्रशिक्षण आणि परीक्षा असा दीर्घ प्रवास असतो. मुलाचे मन रुग्णाच्या ताटात नव्हे, तर वाळवणाच्या रॅकवर होते. आईने ते ऐकून घेतले, थोडी खट्टू झाली.

खरा पेच मात्र अजून पुढेच होता आणि पालक बहुधा तेथवर पोहोचतच नाहीत. इंग्रजी व दुसरी भाषा धरून उरतात ते चार वैकल्पिक विषय. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र ठेवून अन्नशास्त्र घेतले, तर गणित आणि जीवशास्त्र यांपैकी एकच बसते. अन्नतंत्रज्ञानाच्या पदवीसाठी अकरावीत अन्नशास्त्र घेतलेले असणे बंधनकारक नाही, हे मी स्पष्टच सांगितले; विषय हुकला तर वाट बंद होत नाही, पण आवडीच्या भरात गणित सुटले तर अभियांत्रिकीच्या अंगाने जाणारे अभ्यासक्रम हातचे जातात. म्हणून माझा आग्रह गणित राखण्याचा होता. हा विषय प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात नसतो, तेव्हा प्रवेशापूर्वी प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहून या, असेही सुचवले. काही ठिकाणी विषय केवळ कागदावर असतो, असा माझा अनुभव आहे.

वडील स्वतः प्रयोगशाळा पाहून आले. मुलाने गणितासह अन्नशास्त्र घेतले आणि जीवशास्त्र सोडले. त्यासाठी पहाटेची एसटी पकडून नाशिकला येणे आले.

पुढच्या मार्चमध्ये वडिलांचा फोन आला. व्यापारी दारात उभा होता आणि मुलगा म्हणत होता की मालात ओल जास्त आहे, अजून दोन दिवस रॅकवर राहू द्या. “थांबू का, मॅडम?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. फोन मुलाकडे द्या, एवढेच मी म्हणाले.