बी.एस्सी.नंतरचा मार्ग ठरवणे इतके अवघड का जाते?

रसायनशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असूनही एम.एस्सी., नोकरी की एमपीएससी हे ठरत नाही, यात आपलेच काही चुकते आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी हाच विषय शिकवते आणि माझ्या मते दोष तुमचा नाही. ज्या कामांतून निवड करायची, ती कामे बहुतेक विद्यार्थ्यांना पदवी मिळेपर्यंत पाहायलाच मिळत नाहीत.

तारापूर, महाड, लोटे किंवा कुरकुंभ येथील रसायन व औषध कारखान्यांत उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण, दस्तऐवज तपासणी अशी अनेक कामे बी.एस्सी. झालेले तरुण करतात. मात्र तालुक्याच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिक बहुधा ब्युरेट-पिपेटपाशीच संपते आणि मुलाखतीत ज्या एचपीएलसीबद्दल, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राबद्दल, विचारतात, ते अनेकांनी फक्त पुस्तकातील आकृतीत पाहिलेले असते. याउलट तलाठी, फौजदार, तहसीलदार गावात रोज दिसतात, त्यांचा मान घरच्यांना कळतो, म्हणून आवड तपासण्याआधीच पावले पुण्यातील अभ्यासिकेकडे वळतात.

स्पर्धा परीक्षेला माझा विरोध मुळीच नाही. परंतु राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गातही वयोमर्यादा ३८ वर्षे असल्यामुळे ‘पुढच्या वर्षी नक्की’ असे म्हणत राहायला नियमाची आडकाठी येत नाही, आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्याने तयारीला निवांत, सलग वेळ लागतो. त्यामुळे किती वर्षे द्यायची आणि तोवर खर्च कोण उचलणार, हे अभ्यास सुरू करण्यापूर्वीच घरी बसून ठरवा. मुलींना तर लग्नाच्या घाईपोटी बहुधा एखादेच वर्ष मिळते. वर्गातील हुशार मुलींच्या बाबतीत हे पाहताना मला फार वाईट वाटते.

एम.एस्सी.चा विचार असेल, तर आयआयटीतील प्रवेशासाठीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते व अर्ज त्याआधीच्या पावसाळ्याअखेरीस सुरू होतात, म्हणून निकालाची वाट पाहत थांबू नका. नोकरीबाबत मन साशंक असेल, तर शिकाऊ उमेदवारीचा पर्याय पाहा. १९६१ च्या कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अभियंत्यांखेरीज इतर पदवीधरांनाही ती विद्यावेतनासह करता येते. तत्पूर्वी, तुमच्या महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या आणि कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्याला भेटा. पगाराबरोबरच रात्रपाळी किती, दिवसभर हातात नेमके कोणते काम असते आणि वरची जागा मिळायला एम.एस्सी. लागते का, हे त्याला विचारा.