आधी भावांची बेरीज कर

सामन्यावर पैज लावताना कोण जिंकणार हे नंतर बघ, आधी बुकीने स्वतःसाठी किती कापलंय ते काढ. दोन्ही बाजूंना 1.91 भाव असेल (रुपया लावून जिंकलास तर मुद्दलासकट 1.91 रुपये हातात) तर 100 ला 1.91 ने भाग: 52.36 टक्के, म्हणजे त्या भावात धरलेली जिंकायची शक्यता. दोन्हीकडचे मिळून 104.7. सामना शंभर टक्क्यांचाच, मग वरचे पावणेपाच कुणाचे? म्हणजे निम्मे अंदाज बरोबर येऊनही तू तोट्यात.

दोन्हीकडे सारखा पैसा यावा म्हणून बुकी भाव हलवतो, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. पहिला भाव तो आकडेवारीवरून काढतो, तेव्हा लावायची मर्यादाही सहसा लहान ठेवतो. मग जाणकारांचा पैसा कुठे पडतोय ते पाहून भाव सरकवतो. हौशी मंडळींनी एकाच संघावर ढीग ओतला तरी कधीकधी जागचा हलत नाही. गणितावर भरवसा असेल तर जोखीम खुशाल अंगावर घेतो.

बेटिंग एक्स्चेंजवर बुकी नसतो, भाव खेळणारेच एकमेकांना देतात, कमिशन जिंकलेल्या रकमेतून कापतात. ते वजा करूनच बुकीच्या भावाशी तुलना कर.

आणि चार सामने जोडून एकच पैज (चारही बरोबर आले तरच पैसे) लावायचा मोह आवर. अगदी समसमान सामने असले तरी खरा भाव 16 हवा, 1.91 चार वेळा गुणून मिळतो 13.3.