रविवारी संध्याकाळी मेस बंद असते

"मॅडम, तसं मला काही झालेलं नाही," खुर्चीत नीट बसायच्या आतच तिने सांगून टाकलं. पुढची दहा मिनिटं ती तेच पुराव्यानिशी पटवून देत राहिली. खोली बरी आहे, संस्थेतली माणसं चांगली आहेत, मानधन वेळेवर होतं, घरच्यांनी इतक्या लांब यायला आडकाठी केली नाही. पुरावे संपले तशी गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग रडू का येतं?"

वय २३, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) नुकतंच झालेलं, घर वाशिमकडचं. नाशिकच्या एका सामाजिक संस्थेत ६ महिन्यांची इंटर्नशिप. मी समुपदेशक. अशा लेखनात नाव बदलून लिहायची पद्धत आहे, पण बदललेलं नाव लिहिलं की मला समोरची मुलगी दिसेनाशी होते. म्हणून इथे नुसतं 'ती'. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत आणि हे लिहायला तिचा होकार आहे.

तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं : नव्या शहरात करमत नाही, सगळं सोडून परत जावंसं वाटतं, आणि तसं वाटतं याचीच लाज वाटते. दर वर्षी पाऊस ओसरला की माझ्याकडे अशी दोन-चार मुलंमुली येतात. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात कुणी येत नाही. तेव्हा सगळंच नवं असतं. ती ऑगस्टमध्ये आली तेव्हा गोदावरीला पूर होता. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी चढलंय ते बघायला अर्धं नाशिक गंगेवर लोटतं, तशी तीही गेली, घरी फोटो पाठवले. (आम्ही नाशिककर गोदावरीला 'गंगा'च म्हणतो. तिला हे कळायला महिना लागला.) मग पाऊस थांबला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, नवरात्र तोंडावर आलं, घराघरांत घट बसायची तयारी सुरू झाली. या दिवसांत ज्याचं त्याचं घर ज्याला त्याला ओढून घेतं. बाहेरून आलेला माणूस तेवढा बाहेर राहतो.

तिचं काम दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागांवर होतं. "नाशिक म्हणजे द्राक्षं असं डोक्यात होतं, आणि इथे बघते तर नुसत्या काड्या," ती म्हणाली. बरोबरच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते, आजूबाजूला सगळं हिरवंगार असताना बागा मात्र बोडक्या दिसतात. घड खायला मिळायचे ते जानेवारीनंतर. छाटणीला, छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उतरतात. बायाबापड्या, पोरंबाळं सगळी बरोबर. बागेच्या कडेला प्लास्टिक ताणून खोपटं उभी राहतात. शाळेच्या वयाची मुलं मोजायची, गावाकडच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं) आहे का विचारायचं, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांना बसवायच्या मागे लागायचं, हे तिचं काम.

"ती माणसं अशी राहतात मॅडम. मला गादी आहे, पंखा आहे, डोक्यावर स्लॅब आहे. आणि रडते कोण, तर मी."

हे वाक्य मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. वॉर्डातली नर्स म्हणते, पेशंटपुढे माझं काय. आश्रमशाळेतले शिक्षक म्हणतात, पोरांपुढे आमचं काय. दुःखाची अशी रांग लावली की आपला नंबर कधी लागतच नाही, आणि तोवर आपल्या दुःखाला तोंड उघडायची परवानगी नाही.

रीतीप्रमाणे विचारायचं ते विचारलं. झोप, भूक, आवडीच्या गोष्टी अजून आवडतात का. "मरून जावं असं मनात येतं का?" हेही सरळ विचारलं, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट असला तर बाहेर पडायला वाट मिळते. तिचं उत्तर स्पष्ट 'नाही' होतं. झोप लागत होती, बागेवर गेल्यावर दिवस बरा जायचा. दोन आठवडे रोज, दिवसभर मन खाली, झोप-भूक उडालेली, कशातच रस नाही, असं असतं तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तशी वेळ कुणावर रात्री-अपरात्री आली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

एक प्रश्न मात्र मी माझ्या पदरचा विचारते : रविवारी संध्याकाळी काय करतेस? खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचं खरं दुखणं तिथे सापडतं, कारण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. तिने सांगितलं, पार्ले-जीचा पुडा. केटलमध्ये पाणी गरम करून चहा, आणि खिडकीत बसून पुडा संपवायचा. त्याच वेळी आईचा फोन येतो. "करमते का वं?" "करमते ना." आईशी ती वऱ्हाडीत बोलते, नाशिकमध्ये कुणाशीच नाही. फोन ठेवला की रडायचं.

यानंतर मी चूक केली. तिला यादी दिली. पांडवलेणी बघ, सोमेश्वरचा धबधबा अजून वाहतोय तो बघ, कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रम असतात तिथे जा, नवरात्रात कालिकेच्या यात्रेत एक चक्कर मार, सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे, तिथे जाऊन नुसती बस. जन्मापासून नाशकात राहिलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! आपल्याला शहर आवडतं, म्हणून वाटतं की ते दाखवलं की झालं.

दुसऱ्या वेळी ती फोटो घेऊन आली. यादी पुरी केलेली, शहाण्या मुलीने गृहपाठ करावा तशी. आणि चेहरा आधीपेक्षा उतरलेला. "सगळीकडे गेले, ताई. यात्रेत तर इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. प्रत्येक जण कुणाबरोबर तरी होता." (मॅडमची ताई झाले होते; संस्थेत सगळेच ताई-दादा असतात, ती सवय असावी.) पांडवलेण्यांच्या फोटोंत ती कुठेच नव्हती. का, विचारलं तर म्हणे, एक काकू शेजारी उभ्या होत्या, त्यांना 'माझा एक फोटो काढता का' म्हणावंसं वाटलं, पण उगीच कुणाला कशाला त्रास द्या.

तिथे माझे कान टवकारले.

"बागेवरच्या बाया तुला चहा विचारतात का?"

"आधी विचारायच्या. कोरा चहा, पण तरी... त्यांची साखर कशाला संपवायची? मी नकोच म्हणायचे." मग जरा थांबून, "आता विचारत नाहीत."

घरात शिकवण होती, कुणाचं काही घ्यायचं नाही. शिकवण चांगली, घरात चालतेही, कारण घरात घेतलेलं कुणी मोजत नाही. नव्या गावात मात्र तिचा परिणाम उलटा झाला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती देणारी, आणि घेणारी कुणाचीच नाही. आठ आठवड्यांत नाशिकमधल्या एकाही माणसाने तिला काही दिलेलं नव्हतं, कारण तिने देऊच दिलं नव्हतं.

पांडवलेण्यांचा विषय निघालाच होता, म्हणून मी तिला तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यातल्या लेखाचं सांगितलं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी ३,००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही; व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्खूंना चीवरासाठी पैसे द्यायचे. म्हणजे बाहेरगावहून येऊन पावसाळाभर नाशिकला राहणाऱ्यांच्या कपड्यालत्त्याची सोय. जेवणासाठी त्याने वेगळं शेत दिलेलं.

"म्हणजे स्टायपेंडच की हे!" ती म्हणाली आणि हसली. माझ्यासमोर पहिल्यांदा.

यादी फाडून टाकली. नवं काम एकच दिलं : आठवड्यातून एकदा कुणाकडे तरी काहीतरी मागायचं. छोटं, फुकट आणि परत न करण्यासारखं असलं तर उत्तम. "मला नाही जमणार," ती म्हणाली. जमणार नाही असंच काम देते मी, जमणारं तू करतेच आहेस, असं तिला सांगितलं. आणि दोन गोष्टी आणखी. परत जायचं की नाही हे रविवारी संध्याकाळी ठरवायचं नाही. दिवाळीला घरी जाशील, चार दिवस आईच्या हातचं खाऊन झालं की तिथे ठरव. शिवाय संस्थेतल्या समन्वयकांकडे आठवड्याला अर्धा तास माग. आपण भरलेल्या मुलांच्या याद्या पुढे कुठे जातात हेच तिला ठाऊक नव्हतं, आणि त्यात तिचा दोष नव्हता. कामाच्या गडबडीत इंटर्नला बसवून सांगणं राहून जातं, बऱ्याच ठिकाणी राहतं.

कुणी वाचणारा अशाच जागी असेल तर एक वेगळं सांगते. मानधन बुडवत असतील, एकटीला रात्री-बेरात्री फिल्डवर धाडत असतील, वरचं कुणी नको तसं वागत असेल, तर तो 'मन न रमण्याचा' प्रश्न नव्हे. तिथे सवय करून घ्यायची नसते. निघायचं, आणि लाज दुसऱ्यांनी बाळगायची.

तिच्याकडे यातलं काही नव्हतं. तिच्याकडे किराणा दुकान होतं.

दसरा झाल्यावर आली तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच सुरू झाली. गल्लीतल्या दुकानात साबण आणि पोह्यांचा पुडा घेतला, स्कॅन केलं तर पैसे जाईनात, आणि रोखीत १२ रुपये कमी. ती साबण परत ठेवायला लागली. दुकानदार काका म्हणाले, "राहू द्या, उद्या द्या." तिने सामान घेतलं, घरी आली, आणि पंधरा मिनिटांत शेजारणीकडून सुटे घेऊन धावत जाऊन पैसे देऊन आली.

मी कपाळाला हात लावला. "अगं, उद्या म्हणजे उद्या!"

"पण ताई, शेजारणीकडे मागितले ना!"

हे मात्र खरं होतं. ज्या मुलीशी ती दोन महिने जिन्यात नुसती हसत होती, तिचं दार या १२ रुपयांनी वाजवलं. तीही जळगावहून आलेली, तिचीही रविवारची मेस बंद. पुढच्या रविवारी दोघींनी मिळून केटलमध्ये मॅगी केली. केटल बिघडली, ते वेगळं.

बागेवरचं जास्त अवघड गेलं. चहा नाकारणं सोपं होतं, पण आता मागायचा कसा? शेवटी तिने पाणी मागितलं. मग एका मावशींच्या खोपटाशी बसून राहिली. मावशींनी नागलीची भाकरी आणि खुरसणीची चटणी पुढे केली. हिने घेतली, आणि खाता खाता तोंडातून आपसूक वऱ्हाडी निघालं. मावशी हसल्या, मग त्या त्यांच्या बोलीत बोलायला लागल्या. निम्मं हिला कळलं नाही, निम्मं त्यांना. त्या दिवशी मावशींनी आपल्या थोरल्या मुलीचं नाव सांगितलं. आधीच्या तीन भेटींत यादीत ते आलंच नव्हतं, कारण धाकट्याला सांभाळायला ती लागते. ती मुलगी आता शाळेत जाते का? आठवड्यातून तीन दिवस जाते. बाकीचे दिवस धाकटा.

कोजागिरीला घरमालकीण काकूंनी गच्चीवर दूध प्यायला बोलावलं, तर 'काम आहे' म्हणायचं तोंडावर आलं होतं, ते गिळलं एवढंच तिने सांगितलं. दूध फार गोड होतं म्हणे.

दिवाळीला ती घरी गेली. आईजवळ पहिल्यांदा कबूल केलं की करमत नव्हतं. आई म्हणाली, मले काय समजत नव्हतं का! भाऊबीज झाली तशी परत आली. रविवार संध्याकाळ अजून जडच जाते, पण पुडा आता अर्धा उरतो.

शेवटच्या भेटीला उठताना फी द्यायला तिने पर्स उघडली. फोन बंद पडलेला, चार्जर खोलीवर. नोटा मोजल्या, सुटे मोजले, ५० रुपये कमी भरले. क्षणभर ती दाराकडे बघत राहिली. खाली एटीएम कुठे आहे हे तिला ठाऊक आहे.

"ताई, उरलेले पुढच्या वेळी दिले तर चालतील?"

चालेल म्हटलं आणि डायरीत तिच्यापुढे ५० रुपये उधार मांडले. पुढची वेळ आम्ही ठरवलेलीच नव्हती.